परड्यातल्या खोपटाला कौल: उतार, रीप आणि खालचा वारा

परड्यात जळणाचं खोपट, गोठा, पंपघर किंवा अवजारांची खोली बांधायची असेल, तर लाकूड आणायच्या आधी एक गोष्ट ठरवा. पाखं, म्हणजे छपराची उतरती बाजू, फुटाला किती इंच चढणार? वासा थोडा वाकडा निघाला, एखादं कौल तिरकं बसलं, तर निभावतं. उतार कमी पडला तर मात्र दरवर्षी मृगानंतर आत बादल्या मांडाव्या लागतात, आणि तो सुधारायचा म्हणजे सगळं छप्पर उतरवून पुन्हा चढवायचं.

फुटाला सात इंच म्हणजे आडवं एक फूट पुढं गेलं की सात इंच वर. कोनात मोजलं तर जवळजवळ तीस अंश. बेळगाव शहर, उचगाव, येळ्ळूर, खानापूर, नंदगड या पट्ट्यात मंगळुरी कौलाला हा उतार पुरतो. जांबोटीच्या पुढं कणकुंबी, आमगावकडं घाटमाथ्याचा पाऊस वाऱ्याबरोबर आडवा येतो. तिथं फुटाला आठ इंच घ्या, कुरकुर न करता घ्या. निपाणी-चिकोडीकडं सहा-साडेसहा चालतं. अथणी, रायबागकडं पाऊस इतका कमी की तिथल्या जुन्या घरांना माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्परच असायचं. तिकडं कौल टाकायचं तर सहा इंच भरपूर झाले. सहाच्या खाली मात्र कुठंच जाऊ नका. उतार कमी असला की पाणी कौलाच्या खोबणीत रेंगाळतं आणि मागून वाऱ्याचा झोत आला की वरच्या कौलाखाली शिरतं. कौल फुटलेलं नसतं, तरी गळतं, आणि लोक कौलाला दोष देतात.

सध्या शेतघरं आणि होमस्टे बांधणारे बरेचजण परदेशी फोटोंतली सीडर लाकडाची शिंगल, म्हणजे कौलासारख्या मारलेल्या पातळ लाकडी पट्ट्या, बघून तसंच छप्पर हवं म्हणतात. म्हणून त्याबद्दल आधी बोलून घेऊ. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं ते लाल सीडर हलकं असतं आणि त्याच्या गाभ्यात बुरशीला रोखणारी नैसर्गिक द्रव्यं असतात. शिंगल सोळा, अठरा किंवा चोवीस इंच लांब. अठरा इंची शिंगलचा छपरावर उघडा राहणारा भाग फक्त साडेपाच इंच, म्हणजे कुठंही बघा, एकावर एक तीन थर. शेजारच्या दोन पट्ट्यांत पाव ते तीन अष्टमांश इंच फट ठेवतात, कारण लाकूड भिजून फुगतं. एका ओळीची फट वरच्या ओळीच्या फटीखाली येऊ देत नाहीत, किमान दीड इंच बाजूला सरकवतात. प्रत्येक पट्टीला दोनच खिळे, तेही स्टेनलेस किंवा चांगल्या जस्ताचे, कारण लाकडातल्या टॅनिनमुळं साधा खिळा गंजतो आणि खाली काळे ओघळ येतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे खाली अखंड फळी न मारता सुट्या पट्ट्या मारतात, शिंगलला खालून वारा लागावा म्हणून.

हे छप्पर उत्तम आहे, पण त्याच्या मुलखात. आपल्याकडं ते आयात करावं लागतं, चार महिने सलग ओलं राहतं, त्यावर शेवाळ धरतं आणि जिथं कुठं मातीशी संबंध येतो तिथून वाळवी चढते. जळणाच्या खोपटाशेजारी चूल पेटत असेल तर ठिणगीची भीती वेगळीच. हौस म्हणून विहिरीवरच्या चार फुटी छत्रीला किंवा बागेतल्या बाकावरच्या छपराला लाकडी पट्ट्या मारायच्या असतील तर सागाचा गाभा वापरा, बाहेरचा पांढरा भाग पूर्ण काढून. वर सांगितलेली मापं तशीच पाळा. बाकी सगळ्या कामाला कौल. शिंगलकडून घ्यायचा धडा एकच: छपरानं पाणी अडवायचं नसतं, एका थरावरून पुढच्या थरावर सोडायचं असतं, आणि जे थोडं ओलं होतं ते खालच्या वाऱ्यानं वाळू द्यायचं असतं. कौलाचंही नेमकं असंच आहे. इथून पुढं जे जे सांगतो त्यामागं हीच एक गोष्ट आहे.

कौल निवडताना

ज्याला आपण मंगळुरी कौल म्हणतो ते बासेल मिशननं 1865 साली मंगळूरला जेप्पू इथं कारखाना काढल्यावर पसरलं. आपल्याकडं मात्र त्यासाठी मंगळूरला जायची गरज पडली नाही. खानापूरची माती कौल-विटांना चांगली, कुंभारकाम जुनं, खादी-ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकला शिकवणारी केंद्रीय संस्थाही तिथंच आहे. भारतीय मानकात या कौलाची तीन मापं आहेत: 410 बाय 235, 420 बाय 250 आणि 425 बाय 260 मिलिमीटर. यातलं पहिलं, म्हणजे सोळा इंच बाय सव्वानऊ इंचाचं, आपण खाली हिशेबाला धरू. एका छपरावर दोन मापं कधीच आणू नका.

ढिगातून दहा-बारा कौलं वेगवेगळ्या जागेवरून काढा. बोटाच्या पेरानं वाजवा. खणखणीत आवाज आला तर भाजणी पूर्ण, बद्द आवाज आला तर कच्चं किंवा तडा गेलेलं. फिकट रंगाचं, नखानं खरवडल्यावर पूड सुटणारं कौल घेऊ नका. जास्त भाजलेलं काळपट कौल मजबूत असतं, पण वाकतं. सपाट फरशीवर पालथं ठेवून चार कोपरे दाबा, डुगडुगलं तर बाजूला. तुटलेल्या कौलाच्या कडेत पांढरे खडे दिसले तर ती चुनखडी समजा. पहिल्या पावसात ती फुगते आणि कौलाचे टवके उडतात.

शंका असेल तर वजन करा. पूर्ण कोरडं कौल तोला, रात्रंदिवस पाण्यात बुडवून ठेवा, पुसून पुन्हा तोला. अडीच किलोच्या कौलाचं वजन अर्ध्या किलोनं वाढलं तर ते कौल नको. जितकं पाणी पितं तितका वाशांवर भार, आणि तितकं शेवाळ. नवीन कौलाला पहिल्या पावसाळ्यात खालून थोडी ओल दिसते, त्याला घाबरायचं कारण नाही. छिद्रं भरली की ती थांबते. पण खालून थेंब गळायला लागला तर ते कौल कच्चंच आहे, बदला.

जुनी कौलं स्वस्त मिळतात. गावोगावी घरं उतरवून स्लॅब पडतायत, आणि पन्नास-साठ वर्षं पाऊस खाऊन टिकलेलं कौल नव्यापेक्षा भरवशाचं असतं असं माझं स्पष्ट मत आहे. फक्त पाठीवरचा कारखान्याचा शिक्का बघून वेगवेगळे ढीग करा. दोन कारखान्यांची कौलं दिसायला सारखी असली तरी खोबणी एकमेकांत बसत नाहीत. दोन शिक्के असतील तर एका पाख्याला एक, दुसऱ्याला दुसरा. आणि विटकरीच्या तुकड्यानं किंवा तारेच्या ब्रशनं खोबणीतलं जुनं शेवाळ साफ करूनच वर चढवा.

दहा बाय बाराच्या खोपटाचा हिशेब

खोपट दहा फूट रुंद, बारा फूट लांब, दुपाखी, आढं (दोन पाखी मिळतात तिथली वरची तुळई) बारा फुटांच्या दिशेनं. उतार फुटाला सात. भिंतीपासून वळचण दोन फूट बाहेर. म्हणजे एका पाख्याची आडवी लांबी पाच अधिक दोन, सात फूट. उतारावरची लांबी काढायला या उताराला 1.16 नं गुणायचं: आठ फूट एक-दीड इंच. आढं भिंतीवरच्या पाटापेक्षा, म्हणजे वासे टेकतात त्या लाकडापेक्षा, पाच सत्ते पस्तीस इंच वर.

इथं एक चूक हमखास होते. भिंत साडेसहा फूट घेतली की पुरे, असं वाटतं. पण वळचण दोन फूट बाहेर येताना चौदा इंच खालीही येते. मग वळचणीची कड जमिनीपासून सव्वापाच फुटांवर राहते आणि डोक्यावर जळणाचा भारा घेतलेला माणूस रोज ठोकर खातो. भिंत किमान साडेसात फूट घ्या, कड सहा फूट चार इंचांवर येते. गोठ्याला त्याहून अर्धा फूट जास्त.

या मापाच्या कौलाचा उघडा भाग उतारावर साधारण साडेबारा इंच आणि आडवा सव्वाआठ इंच. लांबीला दोन्ही बाजूंनी फूट-फूट बाहेर काढलं तर चौदा फूट. त्यात सव्वाआठ इंचांची वीस कौलं आणि थोडी जागा उरते. कौल कापत बसण्यापेक्षा पाखंच पाच इंचांनी वाढवा आणि एका ओळीत पूर्ण एकवीस कौलं बसवा. उतारावर आठ ओळी. म्हणजे एका पाख्याला 168, दोन्हींना 336. फुटतूट धरून 360 आणा. आढ्यावर कोन्याची कौलं तेरा लागतील, पंधरा आणा. शंभर चौरस फुटाला दीडशे कौलं हा जो ठोकताळा आहे तो फुटतूट धरूनच आहे.

वजन कोरडं असताना साडेआठशे किलोच्या आसपास, भिजल्यावर टनाच्या जवळ. पत्र्याच्या शेडसाठी केलेला सांगाडा यासाठी पुरत नाही. पत्रा काढून त्याच पाइपांवर कौल चढवायला निघालेल्यांनी हा आकडा आधी लक्षात घ्यावा.

दिशेचं सांगतो. आपल्याकडं पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून आणि पश्चिमेकडून. शक्य असेल तर आढं उत्तर-दक्षिण ठेवा, म्हणजे पश्चिमेला पाखं येतं आणि झड कौलावर आपटून खाली जाते. आढं पूर्व-पश्चिम ठेवलं तर पश्चिमेची त्रिकोणी भिंत उघडी पडते. मग तिथं तट्ट्या बांधा, प्लॅस्टिक मारा, असे उद्योग दरवर्षी करावे लागतात. जागेमुळं इलाज नसेल तर त्या बाजूला छप्पर दोन फूट बाहेर काढा आणि खालून टेकू द्या.

वासे, रिपा आणि मापाची काठी

वाशांना किंजळ, ऐन, नाणा किंवा साग. स्वतःच्या शेतातलं झाड असलं तरी तोडायच्या आधी वनखात्याची परवानगी लागते का ते विचारून घ्या, कर्नाटकात 1976 च्या वृक्षसंरक्षण कायद्याचे नियम आहेत. निलगिरी स्वस्त, पण वाळताना पिळते आणि चिरते. वापरायचीच तर सहा महिने सावलीत वाळवून. वासा दोन बाय चार इंच कापीव, किंवा तीन-साडेतीन इंच जाडीचा गोल. दोन वाशांमधलं अंतर एकोणीस-वीस इंच. आपल्या खोपटाला एका पाख्यावर दहा, एकूण वीस, प्रत्येकी नऊ फुटी. आढ्याला तीन बाय सहा, आणि त्याला दोन टोकांखेरीज मधे एक आधार हवाच.

वासे भाराखाली बाहेरच्या बाजूला पाय पसरतात. दर तिसऱ्या जोडीला खालून आडवी तुळई घालून दोन्ही भिंती बांधून टाका. ही तुळई वाचवली की दोन-तीन पावसाळ्यांत भिंतीचा वरचा थर बाहेर झुकतो, आढं खाली बसतं आणि मधल्या ओळींची कौलं तोंड उघडतात. गळतीचं हे कारण वर चढून कौलं बघत बसल्यानं सापडत नाही.

रीप, म्हणजे वाशांवर आडवी मारायची, कौल अडकवायची पट्टी, दोन इंच बाय एक इंच. वासे दोन फुटांवर असतील तर दीड इंच जाडीची. किंजळाला आधी भोक पाडून मग खिळा, नाहीतर रीप चिरते. जोड नेहमी वाशावर, आणि सगळ्या रिपांचे जोड एकाच वाशावर नकोत. एकूण सुमारे दोनशे ऐंशी फूट रीप लागेल. नवीन रिपांना वाळवी-किड्यापासून वाचवायला शंभर लिटर पाण्यात तीन किलो बोरॅक्स आणि दोन किलो बोरिक ॲसिड कोमट करून विरघळवा आणि रिपा त्यात बुडवून ठेवा, जितके दिवस जमतील तितके. हे मीठ पावसानं धुऊन जातं, म्हणून छपराखालच्या लाकडालाच उपयोगी. बाहेरच्या खांबाला नाही. खांब मातीत पुरायचाच नाही. जांभ्याच्या चिऱ्यावर किंवा दगडावर जमिनीपासून फूटभर वर उभा करायचा. जळकं ऑइल लाकडाला फासायची सवय गोठ्यात तरी सोडा, जनावरं खांब चाटतात.

रिपांचं अंतर पुस्तकातून घ्यायचं नाही, हातातल्या कौलावरून घ्यायचं. अकरा कौलं अंगणात पालथी, एकात एक अडकवून सरळ ओळीत मांडा. आधी सगळी ओढून ताणा आणि पहिल्याच्या टाचेपासून (टाच म्हणजे कौलाच्या पाठीवरचा, रिपेला अडकणारा उंचवटा) अकराव्याच्या टाचेपर्यंत मोजा. मग सगळी दाबून घट्ट करा आणि पुन्हा मोजा. दोन्हींची सरासरी काढून दहानं भागा. ते रिपांचं अंतर. ताणलेल्या मापावर रिपा मारल्या तर खोबण जेमतेम धरते, घट्ट मापावर मारल्या तर एखादं वाकडं कौल बसतच नाही आणि ओळ वर उचलली जाते. हे अंतर एका काठीवर खाच पाडून नोंदवा आणि प्रत्येक रीप त्या काठीनंच मारा. टेपनं प्रत्येक वेळी मोजलं की आठव्या ओळीपर्यंत अर्धा-पाऊण इंच सरकतो.

वळचणीची पहिली ओळ वेगळी. वरच्या प्रत्येक कौलाचं खालचं टोक खालच्या कौलावर टेकतं. पहिल्या कौलाला खाली कौलच नाही. त्यामुळं कडेची पट्टी कौलाच्या जाडीइतकी, पाऊण ते एक इंच, उंच हवी. ती उंच नसली की पहिली ओळ नाक खाली घालते, दुसऱ्या ओळीशी तिची खोबण जुळत नाही आणि पाणी नेमकं भिंतीच्या डोक्यावर उतरतं. कौल पट्टीच्या बाहेर दोन-अडीच इंच यावं. कमी आलं तर पागोळी पट्टीला चाटत वाहते, ती कुजते. जास्त आलं तर वाऱ्याला धरायला कड मिळते.

कौल चढवायच्या आधी पाख्याचे दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे नसतील तर पाखं चौकोनात नाही. आत्ता वासे सरकवता येतात. नंतर ओळ तिरकी जाते, आणि कितीही ठोकलं तरी सरळ होत नाही.

चढवणं

दोन्ही पाखी एकाच वेळी भरत जायची. एका बाजूचं पाखं पूर्ण आणि दुसरं रिकामं ठेवलं तर अर्धा टन एकाच बाजूला येतो आणि आढं कलतं. कौलाची कुठली कड खोबणीची आहे ते बघा. खोबण खाली राहील आणि शेजारच्या कौलाचा ओठ तिच्यावर येऊन बसेल अशा क्रमानं खालून वर, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं. पहिल्या ओळीला सूत बांधा, नंतर दर तिसऱ्या ओळीला.

कौल नुसतं टाचेवर रिपेला अडकलेलं असतं. वळवाच्या वाऱ्यात एप्रिल-मे महिन्यात उडतात ती कडेची आणि वळचणीची कौलं. म्हणून दोन्ही टोकांच्या दोन-दोन उभ्या ओळी आणि वळचणीची पहिली ओळ तारेनं बांधा. कौलाच्या पाठीवर टाचेजवळ त्यासाठी भोक ठेवलेलं असतं. सोळा किंवा अठरा नंबरची जस्ताची तार, रिपेला पीळ देऊन. माकडांचा त्रास असलेल्या गावात, म्हणजे खानापूरच्या बहुतेक रानाकडच्या गावांत, आढ्यालगतची ओळही बांधा, माकडं तिथूनच धावतात. मधली कौलं मात्र सुटीच राहू द्या. प्रत्येक कौल बांधून टाकलं तर फुटलेलं बदलताना डोकेदुखी.

उजेडासाठी प्रत्येक पाख्याला एक-दोन काचेची कौलं घाला, पण त्याच मापाची आणि त्याच खोबणीची. माप जुळत नसेल तर काच नको.

कोन्याच्या कौलांखाली निव्वळ सिमेंटचा जाड थर भरायची पद्धत पडलीय, ती चुकीची आहे. कडक सिमेंट वाळताना आक्रसतं, केसाएवढी फट पडते, तीतून पाणी आत जातं आणि सिमेंट ते सोडत नाही. खालची रीप आणि आढं आतून कुजतं, आणि हे कळेपर्यंत उशीर झालेला असतो. एक भाग सिमेंट, एक भाग चुना, सहा भाग वाळू असा मऊ मसाला घ्या. तोही फक्त दोन कडांना, मधे पोकळ ठेवून. कौल आधी भिजवा, नाहीतर ते मसाल्यातलं पाणी ओढून घेतं आणि मसाला सुटतो. कोन्याची कौलं वाऱ्याच्या उलट्या टोकापासून सुरू करून वाऱ्याकडं न्यायची. ज्या बाजूनं वारा येतो तिकडची कड झाकलेली राहिली पाहिजे. जोडाचं तोंड वाऱ्याकडं पाठ करून असलं पाहिजे, म्हणजे प्रत्येक जोडात वर येणारं कौल वाऱ्याच्या बाजूचं.

घराच्या भिंतीला लावून एकपाखी पडवी काढायची असेल तर सगळी गळती भिंतीच्या सांध्यात होते. सिमेंटचा गोळा तिथं वर्षभरही टिकत नाही, कारण भिंत हलत नाही आणि छप्पर हलतं. जस्ताचा पत्रा वाकवून सहा इंच भिंतीवर वर आणि नऊ इंच कौलावर येऊ द्या. पत्र्याची वरची कड भिंतीत इंचभर खोल खाच पाडून आत दाबा आणि खाच बुजवा. खालची कड मोकळी ठेवा, तिला सरकायला जागा लागते.

आणि कौलाखाली प्लॅस्टिकचा कागद? गळू नये म्हणून बरेचजण रिपांच्या खाली, वाशांवर तो ताणून मारतात. पहिल्या वर्षी खोपट कोरडं दिसतं. पण थोडी ओल, वाऱ्यानं उडून आलेले तुषार, थंडीतलं दव कागद आणि कौलाच्या मधे अडकतं. रिपेला खालचा वारा मिळत नाही. किंजळाची रीपसुद्धा अशी ठेवली तर काळी पडून मऊ होते. कागद घालायचाच असेल तर आधी वाशांवर कागद, मग प्रत्येक वाशाच्या रेषेत इंचभर जाडीची उभी पट्टी, आणि तिच्यावर आडवी रीप. मग कागदावरचं पाणी पट्ट्यांमधून खाली वळचणीला जातं आणि वारा खेळतो. गोठ्याला कागदच नको. शेणा-मुताचा वास आणि जनावरांच्या श्वासाची वाफ कौलांच्या फटीतूनच बाहेर जाते, म्हणून तर उन्हाळ्यात पत्र्यापेक्षा कौलाखाली म्हैस शांत उभी राहते.

दरवर्षीचं काम

शाकारणी, म्हणजे पावसाआधी छप्पर तपासून कौलं नीट करणं, मे महिन्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात उरकावी. वळवाचे एक-दोन पाऊस झालेले असले तर बरं, गळतीच्या जागा आतून ओल्या डागांवरून कळतात. डाग जिथं दिसतो त्याच्या वर नाही, तर उताराच्या दिशेनं दोन-तीन ओळी वर बघा. पाणी रिपेवरून सरकत येऊन मग पडतं. बहुतेक वेळा कौल फुटलेलं नसतंच, खोबणीत आंब्या-फणसाचा पाला आणि माती अडकलेली असते. ती काढली की झालं. छपरावर लोंबणारी फांदी आधी तोडा.

कौलांवर चालायचं नाही. आढ्याला आकडा अडकवून शिडी पाख्यावर उताराच्या दिशेनं टाका आणि तिच्यावर बसून काम करा. पाय टाकावाच लागला तर जिथं दोन कौलं एकावर एक येतात तिथं, कारण तिथं खाली रीप असते. शेवाळलेल्या ओल्या पाख्यावर कोणीही, कितीही सराईत असला तरी, चढू नये.

फुटकं कौल बदलायला वरची सगळी ओळ काढावी लागत नाही. वरच्या दोन आणि बाजूचं एक कौल थोडं वर सरकवून लाकडी पाचरीनं उचलून धरा. फुटक्याचे तुकडे टाचेपासून सोडवून काढा, रीप हातानं चाचपून बघा. मऊ लागली तर तिच्या खाली नवा तुकडा जोडा. मग नवं कौल खालून वर सरकवत टाच रिपेपलीकडं टाका आणि खाली ओढा. टाच अडकल्याचा टक असा आवाज येतो. तो आला नाही तर कौल नुसतं टेकलेलं आहे, पुन्हा काढून बसवा. त्यानंतर पाचर काढून वरची कौलं जागेवर. उरलेली वीस-पंचवीस कौलं खोपटाच्या मागं जमिनीवर थप्पी लावून ठेवली की पहिल्याच पावसात मातीत रुततात आणि शेवाळतात. दोन विटांवर, उभी, एकमेकांना टेकवून ठेवा, शिक्का बाहेरून दिसेल अशी.